काचेवरील पाचशे साठ प्रतिमा : लुसिया मोहोली यांचे जीवन

बर्लिनच्या नैर्ऋत्येस, रेल्वेने दोन तासांच्या आत गाठता येईल अशा अंतरावर देसाऊ नावाचे शहर आहे. बाउहाउस या कलाशाळेची तेथील इमारत १९२६ साली उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या वास्तुकलेत तिला मानाचे स्थान मिळाले. मुंबईत किंवा पुण्यात वास्तुशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने देसाऊ पाहिलेले नसले, तरी ही इमारत त्याने पुस्तकात पाहिलेली असते. कार्यशाळेची तीन मजली काचेची भिंत आणि वसतिगृहाच्या बाजूने बाहेर झेपावणारे छोटे सज्जे त्याच्या परिचयाचे असतात. ही ओळख मुख्यतः काही मोजक्या छायाचित्रांनी करून दिलेली आहे. ती छायाचित्रे ज्या स्त्रीने काढली तिचे नाव मात्र दीर्घकाळ त्यांच्याखाली छापले गेले नाही. ती स्त्री म्हणजे लुसिया मोहोली.

लुसिया यांचा जन्म १८ जानेवारी १८९४ रोजी प्रागमधील कार्लिन या भागात झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. शुल्झ हे त्यांचे माहेरचे आडनाव. घराणे ज्यू होते. परंतु धार्मिक आचारापेक्षा शिक्षणाला तेथे अधिक महत्त्व होते. घरची भाषा जर्मन आणि वडील वकील. जर्मन व इंग्रजीच्या शिक्षिका होण्याची पात्रता त्यांनी १९१२ साली मिळवली आणि प्रागच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र व कलेतिहास यांचे अध्ययन केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या जर्मनीत आल्या. वीसबाडेन येथे त्यांनी एका वृत्तपत्रासाठी नाट्यसमीक्षा लिहिली, पुढे प्रकाशनसंस्थांमध्ये संपादनाचे काम केले आणि १९२० साली बर्लिनच्या रोव्होल्ट प्रकाशनात त्या रुजू झाल्या. हस्तलिखिते वाचणे, मुद्रिते तपासणे, चित्रांची मांडणी ठरवणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले काम होते. छायाचित्रणाकडे त्या वळल्या तेव्हा कागदावर प्रतिमा कशी उमटते आणि वाचकापर्यंत कशी पोहोचते याची जाण त्यांच्यापाशी आधीच होती.

१९२० च्या वसंतात बर्लिनमध्ये त्यांची भेट लास्लो मोहोली-नॉज या तरुण हंगेरियन चित्रकाराशी झाली. पुढच्याच वर्षी, लुसिया यांच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, दोघांनी विवाह केला. मोहोली-नॉज नुकतेच जर्मनीत आले होते आणि त्यांची जर्मन भाषा अजून कच्ची होती. त्यामुळे संसाराचा खर्च बराचसा लुसिया यांच्या पगारावर चाले, आणि पतीच्या कल्पनांना लेखी जर्मनचे रूपही त्याच देत. कॅमेऱ्याविना, प्रकाशसंवेदी कागदावर थेट वस्तू ठेवून प्रतिमा घेण्याचे प्रयोग दोघांनी मिळून १९२२ साली सुरू केले. फोटोग्राम म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत पुढे मोहोली-नॉज यांच्या नावाशी घट्ट जोडली गेली. प्रयोगाच्या आरंभी प्रयोगशाळेत दुसरी व्यक्तीही होती, ही बाब कलेतिहासाच्या ग्रंथांतून लवकरच गळून पडली.

वाल्टर ग्रोपिउस यांनी १९२३ साली मोहोली-नॉज यांना बाउहाउसमध्ये शिकवण्यासाठी बोलावले. वास्तुकार ग्रोपिउस यांनी ही शाळा १९१९ साली वायमार येथे स्थापन केली होती. चित्रकार, सुतार, विणकर, कुंभार आणि धातुकारागीर यांनी एकाच छपराखाली शिकावे आणि रोजच्या वापरातील वस्तूंना नवे रूप द्यावे हा तिचा हेतू. भारताशीही या शाळेचा संबंध लवकर आला होता. कोलकात्यात डिसेंबर १९२२ मध्ये भरलेल्या एका प्रदर्शनात पॉल क्ले, वासिली कांडिन्स्की आदी बाउहाउसच्या कलावंतांच्या कलाकृती मांडल्या गेल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांतच लुसिया पतीबरोबर वायमारला आल्या. त्यांना तेथे ना अध्यापकाचे पद होते, ना विद्यार्थ्याचे. त्या एका अध्यापकाच्या पत्नी होत्या.

वायमारमध्ये त्यांनी ऑटो एकनर या व्यावसायिक छायाचित्रकाराकडे उमेदवारी केली आणि नंतर लाइपझिगच्या ग्राफिक कला अकादमीत मुद्रण व छायाचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. उमेदवारी म्हणजे काचेच्या प्लेट धुणे, रसायने मोजून मिसळणे, प्रकाशाचा वेळ ठरवणे. हे सारे त्यांनी पायरीपायरीने शिकून घेतले. मोहोली-नॉज यांना अंधाऱ्या खोलीतील या कामात रस नव्हता. त्यांच्या अनेक प्रतिमा प्रत्यक्षात कागदावर उतरल्या त्या पत्नीच्या हातून.

थुरिंगियातील उजव्या सरकारने अनुदान कमी केल्यामुळे बाउहाउसला १९२५ साली वायमार सोडावे लागले. देसाऊ हे तेव्हा औद्योगिक शहर होते. तेथील महापौर फ्रिट्झ हेस यांनी शाळेला जागा आणि निधी देऊ केला. ग्रोपिउस यांच्या आराखड्यानुसार नव्या इमारतीचे काम झपाट्याने झाले आणि ४ डिसेंबर १९२६ रोजी तिचे उद्घाटन झाले. एका बाजूला काचेची कार्यशाळा, दुसऱ्या बाजूला तंत्रशाळा, त्यांना जोडणारा रस्त्यावरचा पूल आणि विद्यार्थ्यांच्या अठ्ठावीस खोल्यांचे पाच मजली वसतिगृह अशी तिची रचना होती. जवळच्या पाइन वृक्षांच्या राईत अध्यापकांसाठी तीन जोडघरे आणि संचालकांसाठी एक स्वतंत्र घर बांधले गेले. मोहोली दांपत्याचे घर लिओनेल फाइनिंगर या चित्रकाराच्या घराला लागून होते. त्या घरात लुसिया यांनी स्वतःची अंधारखोली उभारली.

त्यांच्या हयातीतील सर्वांत महत्त्वाचे काम याच काळात झाले. लाकडी चौकटीचा मोठा कॅमेरा तिवईवर बसवून त्या इमारतीच्या भोवती आणि आत फिरत. एक काचेची प्लेट साधारण अठरा बाय चोवीस सेंटिमीटरची. ती जपून न्यावी लागे आणि प्रत्येक चित्रासाठी नवी प्लेट लागे. त्यामुळे कोठे उभे राहायचे, सूर्य कोणत्या बाजूला असताना यायचे, किती वेळ प्रकाश द्यायचा हे आधी ठरवणे भाग होते. त्या इमारतीकडे सहसा समोरून न पाहता कोपऱ्यातून, तिरक्या रेषेत पाहत. त्यामुळे दोन भिंती एकाच चित्रात येतात आणि एक भाग दुसऱ्याला कसा जोडला आहे हे दिसते. वसतिगृहाचे सज्जे त्यांनी खाली उभे राहून, वर पाहत टिपले. रेषा काटेकोर, सावल्या स्वच्छ, आणि चौकटीत माणूस सहसा नाही.

त्यांचे वेगळेपण केवळ दर्शनी बाजूच्या चित्रांत नाही. संचालकांच्या नव्या घरात त्या स्वयंपाकघरात गेल्या, भांडी घासण्याच्या खोलीत गेल्या, भिंतीत बसवलेल्या कपाटांची दारे उघडून त्यांनी आतल्या फळ्यांचे चित्र घेतले. चाळीत राहणाऱ्या माणसाचा हात गॅलरीच्या कठड्यावरून दिवसातून दहा वेळा फिरतो. पण त्या कठड्याची उंची किती, गजांमधील अंतर किती हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. वापरात मुरलेली वास्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. बाउहाउसच्या वास्तुकारांनी नेमक्या याच गोष्टींवर श्रम घेतले होते. खिडक्यांची एक अख्खी रांग एकाच यंत्रणेने उघडता यावी, खोली उबदार ठेवणारे रेडिएटर लपवून न ठेवता भिंतीवर उघडे दिसावेत, कपाट भिंतीचाच भाग व्हावे असा त्यांचा आग्रह होता. अशा वास्तूचे चित्रण करायचे तर केवळ मनोऱ्यासारखे भव्य दृश्य पुरेसे नव्हते. लुसिया यांनी काचेच्या भिंतीला जितकी एकाग्रता दिली तितकीच भांड्यांच्या फळीलाही दिली.

कार्यशाळांत तयार होणाऱ्या वस्तूंनाही त्यांनी हाच न्याय लावला. मारियाने ब्रांट यांची धातूची चहादाणी, विल्हेल्म वागेनफेल्ट यांचा काचेचा टेबलदिवा, खुर्च्या, भांडी यांची त्यांनी काढलेली चित्रे शाळेच्या माहितीपत्रकांत, नियतकालिकांत आणि विक्रीच्या पत्रकांत वापरली गेली. बाउहाउसच्या इमारती टिपणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. एरिक कोन्सेम्युलर या विद्यार्थ्यानेही पुढे तेथे मोठे काम केले. परंतु नव्या वास्तूचा जगाला झालेला पहिला परिचय लुसिया यांच्या चित्रांनी घडवला.

त्या परिचयाचा एक परिणाम कोणी हेतुपुरस्सर घडवलेला नव्हता. इमारतीचे अंतरंग रंगीत होते. हिनर्क शेपर यांनी भिंतींसाठी रंगयोजना केली होती आणि अध्यापकांच्या घरांतही रंगांची रेलचेल होती. कृष्णधवल काचेवर मात्र त्या भिंती पांढऱ्या, राखी आणि काळ्या छटांतच उतरल्या. पुढील पिढ्यांच्या मनात आधुनिक वास्तुकला म्हणजे शुभ्र, कोरी वास्तू ही समजूत दृढ झाली, तिला ही कृष्णधवल छायाचित्रेही कारण झाली.

या कामाचा मोबदला लुसिया यांना नियमितपणे मिळत नव्हता, कारण त्या शाळेच्या नोकरीत नव्हत्या. बाउहाउसने काढलेल्या ग्रंथमालेचे संपादकीय कष्टही त्यांनी उपसले. मालेतील चित्रकला, छायाचित्रण व चित्रपट या विषयावरील मोहोली-नॉज यांचे पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या भाषेवर आणि सिद्धतेवर लुसिया यांचा हात फिरला होता, परंतु लेखक म्हणून एकच नाव छापले गेले. बाउहाउसमध्ये छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो १९२९ साली, वाल्टर पेटरहान्स यांच्या नेतृत्वाखाली. तोवर लुसिया देसाऊ सोडून गेल्या होत्या. छोट्या शहरातील बंदिस्त वातावरणात त्यांचा जीव रमत नव्हता. आपल्या दैनंदिनीत त्यांनी महानगराची ओढ नोंदवून ठेवली होती.

ग्रोपिउस यांच्यापाठोपाठ मोहोली दांपत्याने १९२८ साली बाउहाउस सोडले आणि बर्लिन गाठले. पुढच्या वर्षी पती-पत्नी विभक्त झाली. कायदेशीर घटस्फोट १९३४ साली झाला. लुसिया यांनी मोहोली हे आडनाव कायम ठेवले, कारण व्यवसायात त्यांची ओळख त्याच नावाने झाली होती. श्टुटगार्ट येथे १९२९ साली भरलेल्या चित्रपट व छायाचित्रणाच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. बाउहाउसचे पूर्वीचे अध्यापक योहानेस इटेन यांनी बर्लिनमध्ये खासगी कलाशाळा काढली होती. तेथे त्या छायाचित्रण शिकवू लागल्या. देसाऊच्या इमारतींवरील ग्रोपिउस यांचा ग्रंथ १९३० साली निघाला, त्यातील अनेक चित्रे त्यांचीच होती.

बर्लिनमध्ये त्यांचे सहजीवन थिओडोर नॉयबाउअर यांच्याशी जुळले. नॉयबाउअर हे राइशटागमधील कम्युनिस्ट सदस्य. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर ते भूमिगत झाले. ऑगस्टच्या आरंभी लुसिया यांच्या घरातच त्यांना पकडण्यात आले. ज्यू घराण्यात जन्मलेल्या आणि कम्युनिस्ट नेत्याच्या सहचरी असलेल्या लुसिया यांना थांबण्यास अवधी नव्हता. काही दिवसांतच त्यांनी जर्मनी सोडली. नॉयबाउअर यांनी पुढे अनेक वर्षे तुरुंगात आणि छळछावणीत काढली. सुटकेनंतर त्यांनी थुरिंगियात हिटलरविरोधी गट उभारला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

देश सोडताना लुसिया यांना आपल्या निगेटिव्ह नेता आल्या नाहीत. सुमारे पाचशे साठ काचेच्या प्लेट ही पेटाऱ्यांत भरलेली, जड आणि नाजूक मालमत्ता होती. पळून जाणाऱ्या व्यक्तीला ती बरोबर घेणे अशक्यच होते. त्यांनी ती मोहोली-नॉज यांच्या हवाली केली. त्यांनी स्वतः जर्मनी सोडली तेव्हा हा ठेवा ग्रोपिउस यांच्या बर्लिनमधील घरी गेला. प्राग, व्हिएन्ना आणि पॅरिस असा प्रवास करत लुसिया १९३४ साली लंडनला पोहोचल्या, तेव्हा त्यांच्याकडे व्यवसायाचे कौशल्य होते, परंतु त्या कौशल्याचा पुरावा नव्हता.

लंडनमध्ये त्यांनी व्यक्तिचित्रे काढून आणि शिकवून निर्वाह केला. छायाचित्रणाला शंभर वर्षे होत असताना, १९३९ साली, पेंग्विन प्रकाशनाने त्यांचे छायाचित्रणाच्या शतकाचा इतिहास सांगणारे छोटे पुस्तक स्वस्त आवृत्तीत काढले. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या सुमारे चाळीस हजार प्रती खपल्या. छायाचित्र हे समाजात वावरणारे साधन आहे, ते कोण काढतो, कोण छापतो आणि कोण पाहतो यावर त्याचा अर्थ ठरतो, असा त्या पुस्तकाचा रोख होता. त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या चित्रांचे काय चालले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात मेक्लेनबर्ग स्क्वेअरमधील त्यांचे घर १९४० साली बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. शिकागोत मोहोली-नॉज यांनी चालवलेल्या कलाशाळेत त्यांना अध्यापनाची जागा देऊ करण्यात आली होती, परंतु अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. मग त्यांनी लंडनमध्येच एका नव्या तंत्राला वाहून घेतले. ग्रंथालये व माहितीसंस्थांच्या ब्रिटिश संघटनेने युद्धकाळात मायक्रोफिल्म सेवा सुरू केली होती. शत्रुराष्ट्रांतील वैज्ञानिक नियतकालिके मिळवून त्यांची पाने चित्रफितीवर उतरवणे आणि संशोधकांना पुरवणे हे तिचे काम. त्या सेवेची धुरा लुसिया यांनी सांभाळली. युद्धानंतर युनेस्कोसाठी त्यांनी मध्यपूर्वेत अशाच स्वरूपाचे काम केले. १९४७ साली त्या ब्रिटिश नागरिक झाल्या. दुर्मीळ कागदपत्रे नष्ट होऊ नयेत म्हणून इतरांच्या पानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या या स्त्रीची स्वतःची मूळ चित्रे मात्र तिच्या दृष्टीने युद्धात हरवली होती.

प्रत्यक्षात ती हरवली नव्हती. ग्रोपिउस १९३४ साली इंग्लंडला आणि १९३७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. त्यांचे घरसामान जर्मनीतून अमेरिकेत पोहोचले, त्यात लुसिया यांच्या प्लेटही होत्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९३८ साली बाउहाउसचे मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याबरोबर एक ग्रंथ काढला. त्या ग्रंथात लुसिया यांची पन्नासच्या आसपास छायाचित्रे होती, पण त्यांचे नाव चित्रांखाली नव्हते. त्यानंतर वास्तुकलेची पुस्तके, नियतकालिके आणि व्याख्याने यांतून तीच चित्रे फिरत राहिली. बाउहाउस १९३३ साली कायमचे बंद झाले होते, इमारतीवर युद्धात बाँब पडले, काचेची भिंत नष्ट झाली आणि युद्धानंतर देसाऊ पूर्व जर्मनीत गेले. पश्चिमेकडील जगाला ती वास्तू प्रत्यक्ष पाहणे अवघड झाले, तसतसे छायाचित्रांचे मोल वाढत गेले. ग्रोपिउस यांची अमेरिकेतील कीर्ती उभी राहण्यात या चित्रांचा वाटा होता.

आपली चित्रे ठिकठिकाणी छापली जात असल्याचे पाहून लुसिया यांनी चौकशी आरंभली. अखेर १९५४ साली ग्रोपिउस यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून निगेटिव्ह त्यांच्याकडेच आहेत हे उघड झाले. ग्रोपिउस यांची बाजू अशी की बर्लिनमध्ये त्या आपल्याला देण्यात आल्या होत्या, अध्यापनासाठी त्यांचा मोठा उपयोग झाला आणि त्या वापरण्यास लुसिया यांची हरकत नसावी असे आपण गृहीत धरले. लुसिया यांचे उत्तर असे की जीव वाचवण्यासाठी देश सोडणाऱ्या माणसाने करारनामा लिहून ठेवण्यासाठी मुक्काम लांबवावा अशी अपेक्षा कोणी करू नये. ठेव म्हणून सोपवलेली वस्तू भेट ठरत नाही. दोघेही निर्वासित होते, दोघांनीही जर्मनी गमावली होती. परंतु एकाकडे विद्यापीठाचे पद होते, कीर्ती होती आणि प्लेटही होत्या. दुसरीला आपण काय केले हे सिद्ध करण्यासाठी त्याच प्लेटची गरज होती.

वाद वकिलांपर्यंत गेला. १९५७ साली निगेटिव्हचा एक भाग परत मिळाला. लुसिया यांनी पूर्वीच्या नोंदींवरून कार्डांची सूची तयार केली आणि एकेक प्लेट पडताळून पाहिली. पाचशे साठपैकी दोनशे तीस हाती आल्या होत्या. उरलेल्या तीनशे तीस नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी आपल्या चित्रांचा हक्क पुन्हा मिळवण्याचे काम चिकाटीने केले. प्रकाशकांना पत्रे लिहिणे, चित्राखाली नाव छापण्याचा आग्रह धरणे, मानधन मागणे हा त्यांच्या उतारवयातील नित्यक्रम झाला. १९५९ साली त्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळील त्सोलिकोन येथे स्थायिक झाल्या. तेथून त्या कलाविषयक नियतकालिकांसाठी लिहीत. जर्मनीत १९६० साली स्थापन झालेल्या बाउहाउस अभिलेखागारामुळे त्या शाळेचा इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला होता, आणि त्या इतिहासात आपल्या वाट्याची नोंद अचूक व्हावी याबाबत त्या दक्ष होत्या. १९७२ साली त्यांनी मोहोली-नॉज यांच्याविषयी टिपणांचे एक छोटे पुस्तक जर्मन व इंग्रजीत प्रसिद्ध केले. दिवंगत पतीची थोरवी कमी करणे हा त्याचा हेतू नव्हता. कोणते प्रयोग केव्हा झाले, त्यांत कोणाचा सहभाग होता, ग्रंथांतील कोणत्या तारखा चुकल्या आहेत हे त्यांनी संपादकाच्या काटेकोरपणाने मांडले. १९८३ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, हरवलेल्या निगेटिव्हची हकिकत त्यांनी एका ब्रिटिश छायाचित्रण नियतकालिकात स्वतः लिहिली. रोल्फ साक्से यांनी त्यांच्यावर लिहिलेला पहिला स्वतंत्र ग्रंथ १९८५ साली निघाला, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. १७ मे १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनची भिंत कोसळण्यास तेव्हा सहा महिने उरले होते.

देसाऊची इमारत पूर्व जर्मनीच्या राजवटीत १९७६ साली दुरुस्त झाली, काचेची भिंत पुन्हा उभी राहिली आणि १९९६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राईतील घरांचे नशीब निराळे होते. संचालकांचे घर १९४५ साली बाँबहल्ल्यात कोसळले. त्याच्या उरलेल्या तळघरावर १९५६ साली उतरत्या छपराचे एक साधे घर बांधण्यात आले. मोहोली दांपत्याचे अर्धे घरही त्याच युद्धात नष्ट झाले आणि त्याबरोबर लुसिया यांची अंधारखोली गेली. २०१४ साली या दोन्ही जागी नव्या वास्तू उभारल्या गेल्या. जुन्या घराचा बाह्य आकार तेवढा राखायचा, आतील तपशिलांची नक्कल करायची नाही, असे वास्तुकारांनी ठरवले. त्या सपाट भिंतींवर आणि धूसर काचांवर आठवणीचा पुसटपणा मुद्दाम ठेवलेला आहे. स्वयंपाकघरातील फळ्या कशा होत्या, कपाटाची दारे कोठे उघडत, भांडी घासण्याच्या खोलीत उजेड कोठून येई हे आज तेथे उभे राहून समजत नाही. ते पाहण्यासाठी लुसिया यांच्या छायाचित्रांकडेच जावे लागते.

अलीकडच्या काळात त्यांच्या कामाकडे जाणिवेने पाहिले जाऊ लागले आहे. २०२४ साली त्यांच्या जन्मगावी, प्रागच्या कुन्स्टहाले या संस्थेत, त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले आणि पुढच्या वर्षी ते स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे गेले. बाउहाउसच्या वास्तूंबरोबरच त्यांची व्यक्तिचित्रे, लंडनचे लेखन आणि मायक्रोफिल्मचे काम तेथे एकत्र मांडले गेले. त्यांच्या निगेटिव्ह आज बर्लिनच्या बाउहाउस अभिलेखागारात आहेत. अनेक पुस्तकांत आता त्या चित्रांखाली त्यांचे नाव छापले जाते. मात्र हरवलेल्या प्लेटपैकी बहुतेकांचा माग लागलेला नाही. त्या कशाच्या होत्या हे सांगणारी एकेक ओळ तेवढी लुसिया यांनी केलेल्या सूचीच्या कार्डांवर शिल्लक आहे.